सात महिने आणि पंच्याहत्तर टक्के

तिसऱ्या पाळीत पहाटे तीनला चहाची सुट्टी होते. पंधरा मिनिटं. फोन खात्यात न्यायला बंदी, तो लॉकरात. त्या रात्री लॉकर उघडला तर तिचे सहा मिस्ड कॉल. पोटात गोळाच आला. सातवा महिना चालू, ती मुंबईत, मी सोलापुरात रिंगफ्रेमवर. थरथरत फोन लावला.

ती जागीच होती. म्हणाली, "बाळ ठीक आहे. मीच ठीक नाही. हजेरी बासष्ट टक्के भरलीय. पंच्याहत्तर लागते. ऑफिसातले म्हणतात, ड्रॉप घ्या."

मी काय बोललो ते लिहायलाच हा कागद घेतलाय. मी म्हणालो, "मग घे ना. एका वर्षानं काय बिघडतं? आधी बाळंतपण उरक."

पलीकडं काही वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग ती म्हणाली, "ऑफिसातला क्लार्कपण हेच बोलला. हेच शब्द." आणि फोन ठेवला.

चहा तसाच राहिला. सुट्टी संपली, मी परत फ्रेमवर. एका फ्रेमवर हजारावर चात्या फिरतात. कुठंतरी धागा तुटतो, तिथं पळायचं, बोटानं धागा सांधायचा, की दुसरीकडं तुटतो. सकाळी सातपर्यंत तेच केलं. पण डोक्यात जे तुटलं होतं ते काय सांधता आलं नाही.

दोस्तांनो, मी कवी आहे असं तुम्हीच म्हणता. १४ एप्रिलला स्टेजवर बोलावता. बाईच्या मुक्तीवर माझी एक कविता आहे, तिला हमखास टाळ्या पडतात. तीच कविता लिहिणारा माणूस पहाटे तीनला आपल्या बायकोला म्हणतो, उरक आणि घरी बस. हे मी लपवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण मग ह्या पानांवर लिहायचं तरी कशाला?

आता तिच्याविषयी सांगतो.

ती आमच्याच वस्तीतली. बाप बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा, लग्नसराई संपली की हमाली. आई चार घरची धुणीभांडी. ती बारा-तेरा वर्षांची असताना वस्तीत चादरीचा पडदा लावून 'फँड्री' दाखवला होता. सगळ्यांना आठवतो तो शेवट. पोरगा दगड भिरकावतो आणि दगड सरळ आपल्या अंगावर येतो. आम्ही पोरं शिट्ट्या मारत होतो. हिनं दुसऱ्या दिवशी मास्तरांना विचारलं, "दगड जिकडं आला, तिथं कॅमेरा ठेवला असणार ना? मग त्या कॅमेऱ्यामागं उभं कोण होतं?" मास्तर म्हणाले, गप बस. पण तिच्या डोक्यातून ते गेलं नाही. बी.ए. झाली, फिल्मच्या प्रवेशपरीक्षेला बसली, पहिल्या वर्षी नापास, दुसऱ्या वर्षी पास. आमच्या वस्तीतून त्या दारातून आत गेलेली ती पहिलीच.

संस्थेचं नाव लिहीत नाही. प्रश्न एका संस्थेचा असता तर लिहिलं असतं.

लग्न आम्ही अभ्यासवर्गातल्या ओळखीतून केलं, वर्गणी न काढता, हार आणि वंदना, एवढंच. ठरलं होतं की तिचं शिक्षण होईपर्यंत ती मुंबईत, मी सोलापुरात. मी ओव्हरटाइम मारायचा, ती शिकणार. आठवड्याच्या सुट्टीला रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरायची, जनरल डब्यात बुडाला जागा मिळाली तर मिळाली, सकाळी दादर. आणि त्याच रात्री परत.

मूल ठरवून नव्हतं. चाचणीची पट्टी तिनं फोटो काढून पाठवली. दोन रेघा. खाली लिहिलं, "आता?" कायद्यानं तिला दोन्ही वाटा मोकळ्या होत्या हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. आठवडाभर विचार केला तिनं. मग म्हणाली, "ठेवायचं. आणि फिल्मपण करायची. दोन्ही." मी म्हणालो, "हो, दोन्ही." बोलायला काय जातं? सोलापुरात बसून 'दोन्ही' म्हणणं सोपं आहे. ते पोटात आणि खांद्यावर घेऊन विरार लोकल धरायची होती तिला.

पहिले तीन महिने उलट्यांचे. सकाळी पावणेआठच्या गाडीत बायकांच्या डब्यात मोगरा, घाम आणि कुणाच्या डब्यातली सुकटीची चटणी, सगळं एकदम नाकात जायचं. ती मध्येच कुठल्याही स्टेशनला उतरायची, प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन ओकायची, चूळ भरून पुढची गाडी. त्यात पहिलं लेक्चर जायचं. हजेरीला पहिली गळती लागली ती इथं.

दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बाईला परवानगी असते. ती एकदा चढली. तेव्हा पोट दिसत नव्हतं. एक आजोबा म्हणाले, "तुला काय झालंय? धडधाकट दिसतेस की." तिनं पिशवीतून दवाखान्याचं कार्ड काढून दाखवलं. सगळा डबा ते कार्ड बघत होता. नंतर म्हणाली, "मला कुठंपण बसायचं असलं की कागद दाखवावा लागतो." ती फक्त गाडीविषयी बोलत नव्हती हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

त्याच कारणासाठी तिनं वर्गात पाचव्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलं नाही. सैल कुर्ते घालायची. प्रवेश झाला तेव्हापासून कानावर होतंच, "हिचं काय, हिला सीट होतीच." आता त्यात आणखी एक सवलत मागायची? ती म्हणायची, "आधीच कोट्यातली, त्यात पोटुशी. दोन्हीवरून हसतील." म्हणून ट्रायपॉडसुद्धा तीच उचलायची. मी ओरडलो की म्हणायची, "नाही उचलला तर विचारतील का नाही उचलला."

चौथ्या महिन्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन नऊ. अकराच्या खाली गेलं की डॉक्टर पांढरेपणा धरतात. लोहाच्या गोळ्या चालू झाल्या, त्यानं पोट जड आणि तोंडाला गंजाची चव. पालिकेच्या प्रसूतिगृहात नाव नोंदवलं होतं. रांगेत दोन-दोन तास. पण त्या रांगेत तिला एक गोष्ट बरी वाटायची. तिथं कुणी तिला कशातली आहेस असं विचारलं नाही. सगळ्यांच्या हातात सारखंच कार्ड.

सोनोग्राफीचा दिवस चांगला गेला. बाहेर पाटी, इथं गर्भलिंग तपासणी केली जात नाही, तो कायद्यानं गुन्हा आहे. आत काळोखी खोली, काळा-पांढरा पडदा. त्या दिवशी मी होतो. मला तर काही कळेना, पावसातल्या टीव्हीसारखं दिसत होतं. ती मात्र डोळे ताणून बघत होती. डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "मॅडम, जरा तिथंच थांबवा ना." बाईंनी चित्र थांबवलं. पाठीचा कणा दिसत होता, मण्यांच्या माळेसारखा. बाहेर आल्यावर ती मला फाळक्यांची गोष्ट सांगत होती. 'राजा हरिश्चंद्र' काढायच्या आधी, १९१२ साली, दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा लावून रोज थोडं थोडं चित्रण केलं. एक महिन्याची वाढ मग पडद्यावर मिनिटभरात. ती फिल्म दाखवून त्यांनी पैसा उभा केला. "तेच बघून आले मी आता," ती म्हणाली. खूप हसलो त्या दिवशी. उडप्याकडं एक प्लेट इडली दोघांत खाल्ली.

आणि दुसऱ्याच दिवशी वसतिगृहाची चिठ्ठी. प्रसूतीची जबाबदारी आम्ही घेऊ शकत नाही, खोली रिकामी करावी.

मग ती मावशीकडं आली. माझी सख्खी मावशी. डिलाईल रोडच्या बाजूला जुन्या चाळीत दहा बाय बाराची खोली. मावशी सत्तरीची, काका कधीच गेले. मावशी ७४ साली गिरणीत बदली म्हणून लागली, मग वाइंडिंग खात्यात कायम. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, त्यात ही एक. तो संप मिटला असं कधी कुणी सांगितलंच नाही. मावशी परत आत गेली नाही. तिच्या गिरणीच्या जागी आज काचेची इमारत आहे. मावशी खालून जाते तेव्हा वर बघत नाही.

मावशीसमोर ती मला 'अहो' म्हणते, एकटं असलो की 'तू'. मावशीला हे पहिल्या दिवशीच कळलं. म्हणाली, "पोरी, माझ्यापुढं नाटक नगं करू. थेटरातलं नाटक वायलं."

फायनलची फिल्म कशावर करायची हे तिचं ठरत नव्हतं. तोपर्यंत तीन विषय मांडले, तिन्ही सरांनी पाडले. एका रात्री पाय सुजले म्हणून मावशी तिचे पाय चेपत होती आणि बोलता बोलता मावशीनं सांगितलं. थोरला ७८ साली झाला. गिरणीत पाळणाघर होतं. रजा संपून कामावर गेली की मूल तिथं ठेवायचं. ठराविक वेळी दूध पाजायला सोडायचे. "भोंगा झाला की मला पान्हा फुटायचा. पोरगं रडलं म्हणून न्हाय, भोंग्यानं. पुढं पोरगं अंगावरनं तुटलं तरीबी भोंगा झाला की पदर वला व्हायाचा. खात्यातल्या समद्या बायांचं तसंच."

ती उठूनच बसली. तिची फिल्म तिथं ठरली. बारा मिनिटांची. नाव ठेवलं 'भोंगा'.

इथं मला थोडं मागचं सांगायचंय, कारण हे सगळं मावशीपासून सुरू होत नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतल्या बाया तान्ह्या मुलाला अफूची गोळी देऊन कामावर जात. बाळागोळी म्हणत तिला. मूल दिवसभर निपचित पडून राही. हे तेव्हाच्या चौकशांतच नोंदलेलं आहे. बाळंतपणाच्या आधी-नंतर रजा नाही, रजा घेतली तर पगार नाही, पगार नाही तर चूल नाही. तेव्हा मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आलं. २८ जुलै १९२८ ला त्या बिलाच्या बाजूनं बाबासाहेब बोलले.

हे मला माहीत होतं का? होतं, पोस्टरवरच्या एका ओळीइतकं. त्या फोननंतरच्या सुट्टीच्या दिवशी मी सरकारनं छापलेल्या भाषणांचा दुसरा खंड काढला. इंग्रजीत आहे. माझं शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला. बाजूला डिक्शनरी घेऊन बसलो. चार ओळींना अर्धा तास लागायचा. विरोधकांचं म्हणणं, धंद्यावर बोजा पडेल. बाबासाहेबांचं म्हणणं मला समजलं ते असं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचं आहे. म्हणून त्याचा मोठा भार सरकारनं उचलावा. पण जो मालक बाईच्या कामातून फायदा काढतो त्यालाही हात झटकता येणार नाहीत. म्हणजे बाळंतपण हा त्या बाईचा एकटीचा खाजगी मामला त्यांनी मानलाच नाही. पुढच्या वर्षी, १९२९ ला, मुंबई प्रांतात कायदा झाला.

डिक्शनरी मिटली आणि मला हिशेब सुचला. १९२८ च्या दोन वर्षं आधी, १९२६ ला, राजरत्न गेला होता. रमाईची पाच लेकरं. त्यातली चार गेली, एकटे यशवंतराव राहिले. त्या सभागृहात आईच्या विश्रांतीविषयी बोलणारा माणूस चार लेकरं मातीत ठेवून आलेला बाप होता. भाषणात त्यातलं काही नाही. पण मला ते भाषण त्याशिवाय वाचता येईना.

आता आजचं बघा. १९६१ ला देशाचा प्रसूती लाभ कायदा झाला, तेव्हा रजा १२ आठवडे. २०१७ ला ती २६ आठवडे झाली, पहिल्या दोन मुलांसाठी, भरपगारी. आमच्या सूतगिरणीत वाइंडिंगची एक बाई मागच्या वर्षी बाळंत झाली, २६ आठवडे घेऊन परत आली, त्याच मशीनवर. ठेकेदाराकडच्या बायांना हे मिळत नाही, तो झगडा वेगळा लढायचाच आहे. पण निदान कायद्याचा कागद तरी आहे. विद्यार्थिनी मात्र कामगार नाही. तिला पगार नाही, मालक नाही, म्हणून तो कायदा तिला लागू नाही. तिच्यासाठी विद्यापीठ अनुदान मंडळानं २०१६ ला एम.फिल., पीएच.डी. करणाऱ्या बायांना २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद केली. पदवी आणि पदव्युत्तर मुलींसाठी २०२१ च्या डिसेंबरात विद्यापीठांना कळवलं की रजेचे आणि हजेरीच्या सवलतीचे नियम तुम्ही करा. केरळानं २०२३ च्या जानेवारीत आपल्या विद्यापीठांत १८ वर्षांवरच्या मुलींना ६० दिवसांपर्यंत रजा जाहीर केली. बाकी ठिकाणी पत्र फायलीत.

तिनं ऑफिसात विचारलं, "नियम काय आहे?" उत्तर मिळालं, "असं कधी झालंच नाही. नियम कशाला करायचा?" झालं नाही कसं? ज्यांचं झालं त्या गुपचूप निघून गेल्या, म्हणून ऑफिसला दिसल्या नाहीत.

आणि ड्रॉपचा अर्थ मला नीट माहीत नव्हता. मी म्हणालो होतो, एका वर्षानं काय बिघडतं. तिला ऑफिसनं सांगितलं होतं, वर्ष गेलं तर त्या वर्षाची शिष्यवृत्ती नाही, फी पदरची भरा. तिचा ग्रुप पास होऊन जाणार. कॅमेरा, साउंड, एडिटिंगची जी पोरं तिच्यासोबत काम करतात ती पुढच्या वर्षी नसणार. फिल्म राहणार. म्हणजे मी जिला एक वर्षाची रजा समजत होतो ती दाराबाहेरची वाट होती.

त्या आठवड्याला सिद्धेश्वर धरून गेलो. मावशी बाजारात गेली होती. मी म्हणालो, "चुकलो." ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "चुकलास ते कळलं. का चुकलास ते कळलं का?"

मला उत्तर येईना. मग तिनं मोबाईलवर मला माणसं दाखवली. एक ॲलिस गी. फ्रान्समधली. १८९६ ला, सिनेमा जन्मून जेमतेम वर्ष झालं होतं, तेव्हा ह्या बाईनं गोष्टीची फिल्म काढली. विषय काय, तर कोबीच्या गड्ड्यांतून बाळं काढणारी परी. मग ॲन्येस वार्दा, तीही फ्रान्सचीच. १९५८ ला पोटुशी असताना कॅमेरा घेऊन पॅरिसमधल्या एका बाजाराच्या गल्लीत उतरली. गरोदर बाईला ती गल्ली कशी दिसते, म्हातारी माणसं, दारुडे, फोडलेला भोपळा, हीच फिल्म. पुढं मुलगा लहान असताना घर सोडता येईना, तर घरातल्या मीटरवरून वायर जिथवर पोचते तिथवरच्या दुकानदारांवर तिनं एक पूर्ण फिल्म केली. मग ती म्हणाली, "आणि आपल्याकडं सरस्वतीबाई फाळके. कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची. रात्री अंधारात बसून भोकं पाडायची बाई. केमिकल मिसळायची, उन्हात पांढरी चादर धरून उभी राहायची, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. पोरं होतीच. 'हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम एका पुरुषानं केलं, साळुंके नावाच्या, हॉटेलात काम करायचा तो. ते सगळ्यांना पाठ आहे. वर्गात सरस्वतीबाईंना किती मिनिटं मिळाली माहितीय? दोन."

थोडं थांबून म्हणाली, "आणि पी. के. रोझी. मल्याळममधली पहिली हिरॉईन. दलित. पडद्यावर नायर बाई झाली म्हणून सवर्णांनी दगड मारले, गाव सोडावं लागलं तिला. त्या फिल्मच्या नावाचा अर्थ माहितीय? हरवलेलं मूल. आज ती फिल्मपण हरवलीय. फिल्म नसली की बाईपण नव्हतीच असं होतं. म्हणून मला ह्याच वर्षी करायचीय. तू मला थांब म्हणालास."

तेव्हा मला कळलं मी का चुकलो. माझ्या डोक्यात तिची फिल्म हा शौक होता आणि माझी गिरणी हे काम. गिरणीतल्या बाईनं २६ आठवडे घेतले की ती परत येते हे मी गृहीत धरतो. हिच्याबद्दल मी गृहीत धरलं की ही जाते. बाबासाहेबांनी आईला विश्रांती मागितली ती तिचं काम शाबूत ठेवून. आपण घराघरांत विश्रांतीच्या नावानं बाईचं कामच काढून घेतो, आणि वर म्हणतो तुझ्या भल्यासाठी.

दुसऱ्या दिवशी शूटिंग मावशीच्याच खोलीत. मी सुट्टी वाढवून घेतली. कॅमेऱ्याचा पोरगा, साउंडची पोरगी, आणि लांब काठीच्या टोकाला माइक धरायला मी. हात भरून येतात, हलला की शिव्या. ती खुर्चीवर, पायाखाली पाट, कानाला हेडफोन. चाळीच्या संडासाला दर तासाला जायला लागायचं, जिना उतरून. सगळे थांबायचे. पहिल्यांदा ती ओशाळली. मावशी म्हणाली, "जा की. आमच्या वेळी जॉबर घड्याळ बघायचा. इथं कोण बघतंय?"

भोंग्याचा आवाज कुठून आणायचा हा प्रश्न होता. साउंडची पोरगी म्हणाली, "तयार आवाज मिळतो, लावू." ही नको म्हणाली. त्या गिरणीचा नसेल तर नको. मावशी ऐकत होती. एकदम म्हणाली, "मी करून दाखवू?" आणि तोंडाशी दोन्ही हात धरून तिनं आवाज काढला. खालून चढत जाणारा, लांब, मग तुटलेला. चाळीच्या गॅलरीत दोन म्हाताऱ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी माइक धरून होतो, मला हलता येत नव्हतं. ती हेडफोन दाबून ऐकत होती आणि तिचा दुसरा हात पोटावर गेला. बाळ हललं. "कट" म्हणायचं ती विसरली. कॅमेरा चालूच राहिला.

मग मावशीनं दुसऱ्याचं सांगितलं. हे तिनं मलाही कधी सांगितलं नव्हतं. संप लागला तेव्हा दुसरं पोटात होतं. काम नाही, पगार नाही, भत्ता नाही. ते आठव्या महिन्यात झालं, सहा दिवस होतं. "मोर्च्यात गेले व्हते त्या दिशी," एवढंच बोलली. कुणी प्रश्न विचारला नाही. फिल्ममध्ये ते ठेवायचं का हे तिनं मावशीलाच विचारलं. मावशी म्हणाली, "ठेव. त्याचं नाव कुठल्या कागदावर न्हाय."

आता सध्याची परिस्थिती. वर्गातल्या अकरा जणांनी सह्या करून अर्ज दिला. मागणी साधी. डॉक्टरच्या कागदावर हजेरीत सूट, प्रसूतीनंतर ठराविक रजा, तोच प्रवेश कायम, शिष्यवृत्तीला धक्का नाही, वसतिगृह नाही तर जवळ सोय. अर्जाला २०२१ च्या पत्राची प्रत जोडली. जे हसले असते असं तिला वाटत होतं त्यातल्या दोघांनी सही केली, एकानं नाही केली, तो म्हणाला ह्यानं स्टँडर्ड घसरेल. ऑफिसकडून लेखी काही नाही. तोंडी मिळालं ते इतकंच, फिल्म वेळेत आली तर हजेरीचं बघू. त्या 'बघू'वर आम्ही जगतोय.

एडिटिंग घरी चालू आहे. मित्राचा लॅपटॉप, खाली उशी, कारण तो तापतो आणि पोटाला चटका बसतो. एक दिवस ती सात तास बसते आणि खूष असते. दुसऱ्या दिवशी कंबर धरते, सगळी फिल्म भिकार वाटते, मला फोनवर रडून सांगते, मावशी मागून ओरडते, "आधी जेव." तिसऱ्या दिवशी परत बसते. हिमोग्लोबिन साडेदहावर आलंय. अजून अर्धा हवा.

माझ्या गिरणीत बापाला रजा नाही. केंद्र सरकारच्या नोकरदाराला १५ दिवस मिळतात, आमच्यासारख्याला कायदा काही देत नाही. माझी साठलेली पगारी रजा बारा दिवस आहे. ती मी आत्ता वापरत नाहीये. बाळंतपणाच्या वेळी मावशी आहे, तिची आई येईल. बारा दिवस मी ठेवलेत ते त्यानंतरसाठी, परीक्षक फिल्म बघून बोलावतील तेव्हासाठी. ती आत गेली की बाहेर बाकावर लेकरू घेऊन मी बसणार.

तुमच्याकडं मागणं एक आहे. तुमच्यातले बरेच जण कॉलेजात आहात, विद्यार्थी संघटना चालवता. आपल्या कॉलेजात जा आणि ऑफिसात विचारा, विद्यार्थिनीच्या बाळंतपणाचा नियम कुठाय, दाखवा. नसेल तर अर्ज द्या, पोच घ्या. आमच्या अर्जाची नक्कल हवी असेल तर कळवा, लिहून पाठवतो. आणि घरी गेल्यावर आपल्या बहिणीला, बायकोला तिचं काय राहून गेलंय ते विचारा. मी विचारलं नव्हतं.

आज दुसरी पाळी आहे. निघतो. जयभीम.